‘सुसाईड स्क्वॉड’ची आयर आवृत्ती आली तर सुधारेल काय? एका संकलकाचे उत्तर

लाखांदूरकडच्या एका महाविद्यालयीन तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुरुंगातल्या खलनायकांची टोळी मोहिमेवर धाडण्याची गोष्ट सांगणारा, २०१६ साली आलेला ‘सुसाईड स्क्वॉड’ हा हॉलिवूडचा चित्रपट त्याला फसलेला वाटतो. दिग्दर्शक डेव्हिड आयर मात्र गेली काही वर्षे जाहीरपणे सांगत आले आहेत की, पडद्यावर आलेली आवृत्ती आपली नव्हे. ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोंच्या चित्रपटाची दिग्दर्शकाची आवृत्ती चाहत्यांच्या आग्रहानंतर आली, तशी हीसुद्धा येईल का, आली तर चित्रपट खरोखर सुधारलेला असेल का, आणि तोवर आपल्याच लॅपटॉपवर त्याचे पुन्हा संकलन करून पाहिले तर काय बिघडेल, असे तीन प्रश्न त्याने एका दमात विचारले आहेत.

माझा अधिकार किती, हे आधी सांगतो. मी मुंबईत ११ वर्षे सहायक संकलक म्हणून काम केले आणि गेली ९ वर्षे देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशाला, एका किराणा दुकानाच्या माडीवर माझे संकलनाचे टेबल आहे. लग्नाच्या फिल्म, कृषी विषयांवरचे माहितीपट आणि दिवाळीनंतर हंगाम लागला की झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकांची चित्रीकरणे, असे माझे काम चालते. हॉलिवूडच्या संकलन कक्षात मी पाऊल ठेवलेले नाही. त्यामुळे खाली लिहितो ते तयार चित्रपट पाहून, प्रसिद्ध झालेली माहिती वाचून आणि स्वत:च्या टेबलावरच्या अनुभवातून काढलेले अनुमान आहे, असे समजूनच वाचावे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे हा चित्रपट संकलनाच्या टेबलावर बिघडला की त्याआधीच. टेबलावर बिघडला असेल तर नवी आवृत्ती त्याला वाचवू शकते. पटकथेत किंवा चित्रीकरणात बिघडला असेल तर कितीही लांबी वाढवली तरी, धानाच्या ज्या बांधीत रोवणीच झाली नाही तिथे कापणीला माणसे नेल्यासारखे होते. चाहते ‘मूळ आवृत्ती’ असा शब्द वापरतात तेव्हा हे दोन्ही प्रकार एकाच पोत्यात भरतात, आणि अपेक्षाभंगाची सुरुवात तिथूनच होते.

निदान करण्याआधी तुम्ही नेमकी कोणती आवृत्ती पाहिली, हे तपासून घ्या. आपल्या भागात बहुतेकांनी हे चित्रपट हिंदी डबिंगमध्ये, दूरचित्रवाणीवर पाहिलेले असतात. चित्रपटगृहातली आवृत्ती १२३ मिनिटांची होती. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. तो २५ फ्रेमच्या दूरचित्रवाणी पद्धतीवर चढवला की चार टक्के वेगाने धावतो, आणि एकही दृश्य न कापता तोच चित्रपट ११८ मिनिटांत संपतो. म्हणजे पाच मिनिटे कमी भरली म्हणून लगेच कात्री लागली असे मानू नये. परंतु जाहिराती वगळून तो १०५ मिनिटांत आटोपला असेल, तर तुम्ही वाहिनीने छाटलेला चित्रपट पाहिला आहे आणि त्याचे खापर दिग्दर्शकावर किंवा स्टुडिओवर फोडणे अन्यायाचे ठरेल. त्याच वर्षाच्या अखेरीस घरी पाहण्यासाठी दहा-बारा मिनिटांनी मोठी अशी एक वाढीव आवृत्ती निघाली. तिलाच अनेक जण आयर आवृत्ती समजतात. ती तशी नव्हे. स्टुडिओच्याच आवृत्तीत काही दृश्ये परत घालून ती तयार केलेली आहे.

आता जखम कात्रीची की जन्मजात, हे ओळखण्याच्या खुणांकडे वळतो. हा भाग मी थोडा सविस्तर लिहितो, कारण प्रेक्षकालाही हे डोळ्यांनी दिसू शकते आणि एकदा दिसू लागले की कोणताही चित्रपट पाहण्याची रीत बदलते. सर्वांत सोपी खूण संवादांची आहे. महत्त्वाची माहिती देणारे वाक्य ऐकू येते, पण त्या क्षणी बोलणाऱ्याची पाठ दिसते, किंवा तो दूर चालत जाताना दिसतो, किंवा कॅमेरा भलत्याच माणसाच्या चेहऱ्यावर असतो. असे एकदा झाले तर ती शैली असू शकते. वारंवार झाले तर समजावे की मधले एखादे दृश्य काढून टाकले गेले आणि त्यात दिलेली माहिती नंतर डबिंगच्या वेळी दुसऱ्याच दृश्यात कोंबली गेली. ओठ दिसले असते तर चोरी पकडली गेली असती, म्हणून पाठ दाखवली. मी स्वत: हे डझनभर वेळा केले आहे आणि त्याची मला फारशी लाजही वाटत नाही.

दुसरी खूण केस, दाढी आणि प्रकाशाची. चित्रीकरण संपल्यावर काही महिन्यांनी पॅच शूट होते, तेव्हा नटाचे वजन बदललेले असते, केस कापलेले असतात, डोक्यावर टोप चढवावा लागतो. ‘जस्टिस लीग’च्या पुनर्चित्रीकरणाच्या वेळी सुपरमॅन साकारणाऱ्या हेन्री कॅव्हिल यांनी दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी ठेवलेली होती आणि ती उतरवण्याची मुभा नव्हती, मग संगणकावर ती मिशी पुसण्यात आली. त्या चित्रपटात सुपरमॅनचा वरचा ओठ ज्या ज्या दृश्यात मेणाचा वाटतो, ते ते दृश्य मागाहून घेतलेले आहे, असे जवळजवळ नकाशावर खूण करावी तसे दाखवता येते. असा नकाशा प्रेक्षकाला क्वचितच मिळतो.

तिसरी खूण संगीताची. दृश्यांमध्ये आपसांत ओढ उरलेली नसते, तेव्हा संकलक वरून गाणे पसरतो, कारण गाणे चालू असताना कट कितीही तुटक असले तरी कान ते जोडून घेतात. लग्नाच्या फिल्ममध्ये आम्ही याच आधारावर जगतो. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे कुठलेही तुकडे एका गाण्याखाली टाका, ते कथेसारखे वाटतात. ‘सुसाईड स्क्वॉड’च्या पहिल्या अर्ध्या तासात गाजलेली गाणी एकामागोमाग एक येतात, एक संपते न संपते तोच दुसरे सुरू होते. त्यातच काही पात्रांची ओळख दोनदा होते: तुरुंगातला डेडशॉट आणि हार्ली आपण सुरुवातीलाच पाहतो आणि लगेच ही टोळी जमवणारी अधिकारी अमांडा वॉलर जेवणाच्या टेबलावर त्यांची नव्याने ओळख करून देते. उलट स्लिपनॉट नावाचा गडी कुठलीही पूर्वकथा नसताना अवतरतो आणि काही मिनिटांत मरतो, तर कटाना ही तलवारबाज थेट मोहिमेवर निघताना येऊन बसते. दोन वेगवेगळ्या आरंभांचे तुकडे एकत्र शिवले की असे दिसते. जाहिरातीचा ट्रेलर लोकांना फार आवडल्यामुळे तो तयार करणाऱ्या कंपनीकडूनच चित्रपटाची एक हलकीफुलकी आवृत्ती करून घेण्यात आली आणि दोन आवृत्त्या प्रेक्षकांसमोर चाचणीला ठेवण्यात आल्या, अशा बातम्या त्याच वर्षी आल्या होत्या. पडद्यावर जे दिसते ते या बातम्यांशी जुळते, एवढे मी संकलक म्हणून म्हणू शकतो.

पूर्वार्धातल्या जखमा मला कात्रीच्या वाटतात आणि त्या भरून येऊ शकतात. उत्तरार्धाबद्दल मात्र मी तितका आशावादी नाही. आकाशात उसळणारा प्रकाशाचा झोत, कंबर हलवत मंत्र म्हणणारी जादूगारीण आणि तिच्याशी लढायला बंदूक, हातोडा व बूमरँग घेऊन निघालेली टोळी, ही मुळातली मांडणीच विजोड आहे. ती वेगळ्या क्रमाने लावली, तिला गंभीर संगीत दिले, रंग गडद केले, तरी शत्रू आणि नायक एका मापाचे होणार नाहीत. आयर यांच्याकडे या भागाचे पूर्णपणे वेगळे चित्रीकरण असेल तर माझे म्हणणे मागे घ्यावे लागेल. (या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, ते रंगभूषा व केशभूषेसाठी. ते योग्यच होते. तो विभाग कुणाच्या कात्रीत सापडला नाही.)

कापलेल्या साहित्याचे पुढे काय होते, हे मी स्वत:च्या चुकीतून शिकलो, म्हणून तो प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात एका नाट्यमंडळाच्या नाटकाचे मी तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण केले. झाडीपट्टीचे नाटक म्हणजे रात्री साडेदहाला पडदा उघडायचा आणि पहाटे चार-साडेचारला उतरायचा. मंडळाला पेनड्राइव्हवर विकण्यासाठी सव्वादोन तासांची आवृत्ती हवी होती. सहा तासांतून पावणेचार तास काढायचे तर काहीतरी मुळासकट उपटावेच लागते, म्हणून मी धाकट्या सुनेचे सगळे उपकथानक काढले. गाणी राहिली, विनोद राहिला, मुख्य भांडण राहिले. पहिल्यांदा दाखवले तेव्हा शेवटच्या प्रवेशात ती सून हंबरडा फोडते आणि मागे बसलेल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारले, “ते बाई काहून रडते जी?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या रडण्याचे कारण मी डिसेंबरमध्येच कापून टाकले होते.

दोन वर्षांनी मंडळाने संपूर्ण नाटक पुन्हा बांधून मागितले आणि मी उत्साहाने जुनी हार्डडिस्क काढली. समोरच्या रुंद कॅमेऱ्याची फाइल पूर्ण होती. डाव्या कॅमेऱ्याचे पहिले चार तास होते. चेहऱ्यांचे क्लोजअप घेणाऱ्या उजव्या कॅमेऱ्याची कार्डे मात्र मीच पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती, कारण त्या हंगामात नवी डिस्क घेण्याइतके पैसे हातात नव्हते. ऑर्गन, ढोलकी आणि नटांच्या माइकचा वेगळा घेतलेला ध्वनीही फक्त वापरलेल्या भागापुरताच ठेवला होता. मग धाकट्या सुनेचे प्रवेश परत आले ते लांबून, ठेंगण्या बाहुल्यांसारखे, आणि कॅमेऱ्याच्या माइकमधून आलेल्या शेंगदाण्याच्या पुड्यांच्या आवाजासह. कथा समजू लागली हे खरे, पण दिग्दर्शकाला आठवत होते ते नाटक काही परत आले नाही. ते दिसताच त्यांचा चेहरा जो उतरला, तो मला आजही दिसतो.

मोठ्या चित्रपटात कार्डे पुसली जात नाहीत, तिथे कच्चे चित्रण नीट जपलेले असते. अडचण दुसरीकडे येते. सुपरहिरोच्या चित्रपटात हजार-दोन हजार शॉट्स तरी व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांचे, असतात आणि हे काम शॉटगणिक पैसे मोजून, संकलन पक्के झाल्यावरच पुढे नेले जाते. प्रत्येक शॉटच्या दोन्ही टोकांना मोजक्या जादा फ्रेमचे हँडल ठेवतात, त्यापलीकडे तो शॉट तयारच झालेला नसतो. म्हणजे दिग्दर्शकाला एक शॉट दोन सेकंदांनी लांबवायचा असला तरी ती दोन सेकंदे नव्याने करून घ्यावी लागतात, आणि काढून टाकलेल्या दृश्यात तर मागे नुसता हिरवा किंवा निळा पडदाच उभा असतो. त्यावर पुन्हा पार्श्वसंगीत, ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार आणि जगभरच्या भाषांतले डबिंग. ‘आवृत्ती तयार आहे, फक्त प्रदर्शित करा’ असे चाहते म्हणतात, तेव्हा त्यांना हा खर्च दिसत नाही.

‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ हा शब्दही दोन अर्थांनी वापरला जातो. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेच्या करारानुसार मोठ्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला चित्रीकरणानंतर आपल्या मनासारखे संकलन करून दाखवण्यासाठी साधारण १० आठवडे मिळतात आणि त्या काळात निर्मात्याने मध्ये पडायचे नसते. त्यातून जे निघते ते करारातले ‘डायरेक्टर्स कट’. त्यात तात्पुरते संगीत असते, अर्धवट व्हीएफएक्स असते, लांबीही अनेकदा अवाच्या सवा असते. या अर्थाने बहुतेक प्रत्येक चित्रपटाची अशी एक आवृत्ती कधी ना कधी अस्तित्वात असते आणि ‘ती आहे’ असे सांगणारा दिग्दर्शक खोटे बोलत नसतो. पण ती म्हणजे प्लास्टर न झालेले घर होय. त्यात राहायला जाता येत नाही.

हे सगळे लक्षात घेतले की ‘जस्टिस लीग’चे उदाहरण किती अपवादात्मक होते ते कळते. मुलीच्या निधनानंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर २०१७ च्या मे महिन्यात चित्रपटातून बाजूला झाले, दुसरे दिग्दर्शक जॉस व्हेडन यांच्या देखरेखीखाली पुनर्चित्रीकरण झाले आणि नोव्हेंबरमध्ये दोन तासांची आवृत्ती लागली. स्नायडर बाजूला होण्यापूर्वी त्यांचे मुख्य चित्रीकरण जवळजवळ पूर्ण झाले होते आणि चार तासांच्या आसपासची कच्ची आवृत्ती त्यांच्यापाशी होती. म्हणजे रोवणी झालेली होती, पीक उभे होते. चाहत्यांनी अडीच वर्षे मागणी लावून धरली, आत्महत्या प्रतिबंधाच्या कामासाठी निधीही गोळा केला, आणि हे त्यांचे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. परंतु २०२० च्या मे महिन्यात चित्रपटाच्या मालक कंपनीला एचबीओ मॅक्स ही नवी ऑनलाइन सेवा सुरू करायची होती, महासाथीमुळे नवी चित्रीकरणे बंद पडलेली होती आणि घरबसल्या करता येण्यासारखे काम नेमके हेच होते. तरीही सुमारे ७ कोटी डॉलर खर्च झाल्याचे सांगितले गेले, आणि १८ मार्च २०२१ रोजी २४२ मिनिटांचा, जवळजवळ चौकोनी चौकटीचा चित्रपट आला. त्यासाठी नव्याने चित्रित केलेला भाग अवघ्या काही मिनिटांचा होता. मागणी, मालकाची गरज आणि तयार साहित्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या. चाहत्यांच्या हातात त्यांपैकी एकच होती.

इतर उदाहरणे पाहिली तर निकाल संमिश्र आहे. ‘डेअरडेव्हिल’ या सुपरहिरो चित्रपटाची २००३ सालची आवृत्ती १०३ मिनिटांची होती आणि पुढच्या वर्षी आलेली दिग्दर्शकाची आवृत्ती १३३ मिनिटांची, परत घातलेल्या अर्ध्या तासात न्यायालयातल्या एका खटल्याचे उपकथानक आहे आणि त्यामुळे नायक दिवसा वकील असतो हे प्रथमच खरे वाटते. ही माझ्या मते नव्या संकलनाने चित्रपट उभा राहिल्याची स्वच्छ साक्ष आहे. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ची वाढीव आवृत्तीही अर्ध्या तासाने मोठी आहे, तिच्यात पत्रकार लुईस लेनचा तपास आणि सुपरमॅनवर आळ कसा आणला गेला हे सुसंगत झाले, परंतु चित्रपटाचा जड, कुंद स्वभाव तसाच राहिला. ज्यांना गोंधळ खटकत होता त्यांचे समाधान झाले, ज्यांना स्वभाव खटकत होता त्यांचे झाले नाही. ‘सुपरमॅन २’चे पहिले दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांची आवृत्ती तर २००६ साली, म्हणजे मूळ प्रदर्शनानंतर २६ वर्षांनी निघाली, आणि एक महत्त्वाचे दृश्य डॉनर यांनी चित्रितच केलेले नसल्यामुळे तिथे नटांच्या निवडचाचणीचे जुने तुकडे जोडावे लागले. ते दृश्य पाहताना नायकाचे केस आणि अंगकाठी कटागणिक बदलते. मला ते फार भावते, पण तो व्यवसायातला जिव्हाळा आहे. सामान्य प्रेक्षकाला ते ठिगळच वाटणार.

ट्रेलरमध्ये दिसलेला शॉट चित्रपटात नाही, म्हणजे तो कुठेतरी दडवलेल्या आवृत्तीत असणार, हा चाहत्यांचा आवडता पुरावाही फार जपून वापरावा. ट्रेलर कित्येक महिने आधी कापला जातो आणि कधीकधी दिशाभूल करण्यासाठीच शॉट बदलले जातात. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्ये हल्क हा हिरवा महाकाय नायक इतरांबरोबर रणात धावताना दिसतो, तसे दृश्य त्या चित्रपटात नाही, आणि कथेचा विचार करता असूही शकत नव्हते.

मग आयर आवृत्ती येईल का? हे सर्वस्वी मालकावर अवलंबून आहे. चित्रपट दिग्दर्शकाच्या मालकीचा नसतो. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेला सुखान्त शेवट जोडून पुन्हा प्रदर्शित झाली, दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर विरोध केला, तरी ती लागलीच. मालकाच्या मनात आले तर दिग्दर्शकाला नको असलेली आवृत्ती निघते, आणि मनात नसेल तर त्याला हवी असलेली निघत नाही. ‘सुसाईड स्क्वॉड’ची मालक कंपनी २०२२ साली विलीनीकरणातून गेली, त्याच वर्षी तिने ‘बॅटगर्ल’ हा जवळजवळ पूर्ण झालेला चित्रपट कायमचा बासनात गुंडाळला, आणि वर्षअखेर या पात्रांचा कारभार जेम्स गन व पीटर सॅफ्रन यांच्याकडे सोपवून नव्या विश्वाची आखणी सुरू केली. त्या नव्या विश्वातला ‘सुपरमॅन’ २०२५ च्या जुलैमध्ये लागलाही. जुन्या घराण्यातल्या एका चित्रपटावर आज कोट्यवधी डॉलर घालण्याचे व्यापारी कारण मला दिसत नाही. मात्र कारणे बदलतात. ‘शोले’मध्ये ठाकूर गब्बरला ठार मारतो हा मूळ शेवट १९७५ साली सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदलावा लागला होता, आणि ५० वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, तोच मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत इटलीतल्या बोलोन्या शहरी दाखवली गेली. तेव्हा ‘कधीच नाही’ असे मी म्हणणार नाही. ‘लवकर नाही’ असे म्हणतो.

मागणी करायची असेल तर जरूर करा, पण निव्वळ ट्रेंड चालवण्यापेक्षा उपलब्ध आवृत्ती अधिकृत ठिकाणी पाहिली जाणे मालकाला जास्त समजते. आणि ज्या संकलकांचे नाव श्रेयनामावलीत आहे त्यांना शिव्या देऊ नका. वरून आलेल्या सूचनांवर कात्री चालवणाऱ्याची अवस्था मला ठाऊक आहे.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. स्वत: संकलन करून पाहण्याची कल्पना मला आवडली, परंतु तुमच्या हातात काय आहे ते नीट समजून घ्या. तुमच्याकडे कच्चे चित्रण नाही, शिजलेला पदार्थ आहे. संवाद, संगीत आणि आवाज एकत्र मिसळलेले आहेत, त्यामुळे मधले एक वाक्य काढले की मागचे गाणे ठेचकाळते. तुमच्या प्रतीत ५.१, म्हणजे पाच अधिक एक अशा सहा वाहिन्यांचा ध्वनी असेल, तर संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत आणि संगीत बाजूच्या वाहिन्यांत सापडेल; सहाही वाहिन्या टाइमलाइनवर वेगळ्या काढा आणि बाजूच्या बंद करून ऐका, म्हणजे कुठे कापता येते ते कळेल. जिथे संवाद आणि संगीत दोन्ही थांबतात अशा जागा तुम्हाला संपूर्ण चित्रपटात फार थोड्या मिळतील, आणि तुमचे कट त्याच जागी पडले पाहिजेत. पूर्ण चित्रपट घेऊ नका. पहिली २० मिनिटे घ्या. प्रत्येक दृश्यासाठी वहीत एक ओळ लिहा: या दृश्यात कोणाला काय हवे आहे. ज्या दृश्यासमोर ओळ लिहिता येणार नाही ते काढून पाहा. पात्राची दुसऱ्यांदा होणारी ओळख काढा, गाणी दोनावर आणा आणि वॉलरचे जेवण अगदी सुरुवातीला ठेवून पाहा.

हे सर्व घरच्या सरावापुरतेच ठेवा. चित्रपटाचे हक्क निर्मात्याकडे असतात आणि बदललेली आवृत्ती इंटरनेटवर चढवणे किंवा गावात पडदा लावून दाखवणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. २०२३ सालच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत प्रत नफ्यासाठी जाहीरपणे दाखवण्याबद्दल तर तुरुंगवासाची तरतूद अधिक कडक झाली आहे. आणि ‘मी पैसे घेतले नाहीत’ म्हटल्याने स्वामित्वहक्काचा भंग टळत नाही.

२० मिनिटे झाली की चित्रपट कधीही न पाहिलेल्या घरच्या कुणाला तरी, शक्यतो आईला किंवा आजोबांना, ती दाखवा आणि स्वत: काही समजावून न सांगता शेजारी बसून राहा. ते कुठे प्रश्न विचारतात ती वेळ मिनिट-सेकंदासह वहीत मांडा आणि मग स्टुडिओची आवृत्ती दुसऱ्या कुणाला तरी त्याच रीतीने दाखवून दोन्ही याद्या शेजारी ठेवा. वडशाला येणे झाले तर वही घेऊन या. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस सोडून कधीही चालेल, तेव्हा माझ्या टेबलावर रात्रंदिवस नाटकेच असतात.